माप

माझं नाव इथं नाही.
कायदाच म्हणतो, छापायचं नाही.
सेलूत, बसस्टँडमागं, पिठाच्या गिरणीशेजारी
ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते.
एवढं सांगितलं तरी अर्धं गाव ओळखेल.
ओळखू दे.

पाठीत कळ होती. दिवाळीची शिलाई,
रात्री दोन-दोनपर्यंत मशीन.
डॉक्टर म्हणाला, झोपा. पडदा ओढला.
सिस्टरला म्हणाला, बाहेरचे पेशंट बघ.
पुढचं मी तीनदा सांगितलंय,
वकीलबाईंना, ठाण्यात, मॅजिस्ट्रेटसमोर.
इथं चौथ्यांदा सांगणार नाही.

निघताना म्हणाला, फी राहू द्या.
राहू दिलेल्या फीची पावती नसते.

जाऊ म्हणाली, तपासत असंल माय,
डाक्टर हाय, हात लावल्याबिगर कळंल कसं?
नवरा दोन दिवस बोलला नाही.
मग मीच स्वतःला म्हणाले, तपासत असेल.
आठ दिवस म्हणाले.
आठ दिवस हुक उलट्या बाजूला लावत होते.

परभणीला कोर्टाच्या आवारात
विधी सेवावाल्यांची एक खोली आहे.
पंखा आहे, रेग्युलेटर नाही.
तिथं घुगे वकीलबाई बसतात.
मी आधी फी विचारली.
म्हणाल्या, बाईमाणसाला इथं फी नाही.
माझ्या अंगावर काटा आला.
त्यांनी तो बघितला.
कागद पुढं सरकवून म्हणाल्या,
हा अर्ज भरा. याची पोच मिळते.

सेलूचा जमादार त्याच्याकडंच शुगर दाखवतो?
मग इथं परभणीत नोंदवू, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतं.
जबाब बाई अधिकारीच घेईल.
एफआयआरची प्रत फुकट, मागून घ्यायची, विसरायचं नाही.
मुंबईला मेडिकल कौन्सिल आहे, तिकडं वेगळा अर्ज.
ते जेलात टाकत नाहीत,
पण पाटीवरच्या पदव्यांना हात घालू शकतात.
आणि केस इन कॅमेरा चालवा म्हणून मागू.

कॅमेरा? नको बाई. मी उठलेच.

त्या हसल्या नाहीत.
इन कॅमेरा म्हणजे दार लावून, म्हणाल्या.

दार लावून?
मी बराच वेळ त्या खोलीच्या दाराकडं बघत राहिले.
मग विचारलं, या खेपेला कडी कोणाच्या हातात?

पुरावा म्हणून मापाची वही दिली.
सतरा ऑक्टोबर. गिरिजाबाईंचा कटोरी ब्लाउज,
छाती छत्तीस, पाठ चौदा, बाही नऊ,
आणि त्याखाली माझंच अक्षर:
दवाखाना. साडेपाच. सिस्टर बाहेर.
शेजारी टाचणीनं त्याची गोळ्यांची चिठ्ठी.
का लिहून ठेवलं होतं, अजून सांगता येत नाही.
हाताला सवय. जे विसरायचं नाही ते वहीत.

त्याचा वकील संभाजीनगरहून आला होता.
शिक्षण किती?
आठवी.
मग वैद्यकीय तपासणी कशाला म्हणतात, तुम्हाला काय कळतं?

साहेब, बावीस वर्षं बायकांच्या अंगाला टेप लावते.
टेप कुठून जाते, कुठं थांबते,
बोट टेपच्या कोणत्या बाजूला ठेवायचं,
मुंढ्याचं माप घेताना नजर कुठं न्यायची,
हे आठवीच्या पुस्तकात नव्हतं.
काम असलेला हात आणि काम नसलेला हात
मला पाठमोरीही कळतो.

स्टेनो थांबली होती.
जज्जसाहेब तिला म्हणाले, लिहा.

नंतर सहा तारखा पडल्या.
एकदा त्याचा वकील आजारी, एकदा जज्ज रजेवर,
एकदा काहीच नाही, नुसती तारीख.
दवाखाना चालू आहे, गर्दी आहे.
आता म्हणे पडद्याच्या आत सिस्टर उभी असते.
कौन्सिलचं पत्र आलं: चौकशी सुरू आहे.
तेही वहीत ठेवलंय.

जाऊनं परवा तिचं पोलकं टाकलं शिवायला.
बोलली काही नाही. कापड चांगलं आणलं होतं.

एक मात्र झालंय.
टेप लावायच्या आधी मी आता विचारते, लावू का?
बायका हसतात.
विचारतेस काय गं, मापच तर घ्यायचंय.

हो. मापच घ्यायचंय.
म्हणून विचारते.